पेनड्राइव्हवर मशीन चालवलं की पेनड्राइव्ह का मरतो, आणि एसएसडी का तगते?

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशिनना वर्षभराच्या सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत मिळाली, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यामुळे जुन्या मशिनचं करायचं काय, हा प्रश्न कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात, राजारामपुरीतल्या क्लासमध्ये आणि घरोघरी पडून आहे. मशीन साधारण असं असतं: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची कुरकुरणारी हार्डडिस्क. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "हार्डडिस्कला हातच लावू नका. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स ही विंडोजसारखी मोफत सिस्टिम टाका आणि त्यावरनंच बूट करा, म्हणजे मशीन सुरू करा."

करून बघितलं तर चालतंही. पहिले काही दिवस बरं जातं. मग ब्राउझर अडकायला लागतो, फाइल सेव्ह करताना मिनिटभर माउससुद्धा हलत नाही, आणि एका सकाळी स्क्रीनवर येतं 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. पेनड्राइव्ह वाचता येतो, पण त्यावर काही लिहिता येत नाही. फॉरमॅट मारायला जावं तर 'राइट प्रोटेक्टेड'.

दुसऱ्या बाजूला, 'फ्लॅश (पेनड्राइव्हमधली साठवणीची चिप) झिजते' एवढंच ऐकून धास्तावलेली मंडळी आहेत. ती चांगल्या एसएसडीलाही, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपच्या डिस्कलाही, माहेरवाशिणीसारखं जपतात, स्वॅप (रॅम भरली की डिस्क वापरणं) बंद करतात, अपडेट टाळतात आणि रोजचं काम परत जुन्या हार्डडिस्कवर नेतात. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी या तिन्हींत चिप एकाच जातीची असते. तरी पेनड्राइव्ह काही महिन्यांत जातो आणि एसएसडी मशिनच्या मागे उरते. हा फरक समजला की काय जपायचं आणि कशाची काळजी सोडायची, ते आपोआप ठरतं.

झिजतं ते नेमकं काय?

फ्लॅशमध्ये फिरणारा भाग एकही नाही. झिजतो तो एक अतिशय पातळ थर. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये नँड फ्लॅश जगासमोर मांडली. तिच्यातला माहितीचा प्रत्येक कप्पा म्हणजे विद्युतरोधक थराने सगळीकडून बंद केलेली सूक्ष्म जागा. आत इलेक्ट्रॉन कोंडले की एक अर्थ, नसले की दुसरा. लाइट गेली तरी ते कोंडलेलेच राहतात, म्हणून पेनड्राइव्ह खिशात घालून फिरता येतो.

पण इलेक्ट्रॉन आत घालायचे किंवा बाहेर काढायचे तर त्या रोधक थरातूनच ढकलावे लागतात. त्यासाठी चिप आतल्या आत २० व्होल्टच्या आसपासचा दाब तयार करते. दर खेपेला थराला थोडी इजा होते आणि काही इलेक्ट्रॉन थरातच अडकून बसतात. असं हजारो वेळा झालं की कप्पा नीट पुसला जात नाही, किंवा आत भरलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळू लागतात. नुसतं वाचल्याने ही झीज जवळपास होत नाही. ती होते लिहिण्याने आणि त्याहून जास्त पुसण्याने.

स्वस्ताई कुठून आली तेही इथेच कळतं. पूर्वी एका कप्प्यात एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, ठेवत. त्यासाठी भरलेला की रिकामा एवढंच ओळखायचं असतं. असा कप्पा लाखभर वेळा पुसता येतो. याला एसएलसी म्हणतात. दोन बिट ठेवले तर चार पातळ्या ओळखाव्या लागतात आणि आयुष्य तीन ते दहा हजार फेऱ्यांवर येतं. हे एमएलसी. तीन बिटांच्या टीएलसीत आठ पातळ्या आणि साधारण एक ते तीन हजार फेऱ्या. चार बिटांच्या क्यूएलसीत सोळा पातळ्या, आणि फेऱ्या काहीशे ते हजारभर. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी थोडीशी गळतीही गोंधळ घालायला पुरते. आज बाजारातला बहुतेक माल टीएलसी किंवा क्यूएलसी असतो. पेनड्राइव्हच्या पाकिटावर यातलं काय आहे ते छापलेलं जवळजवळ कधीच नसतं.

एक ओळ बदलायला अख्खा फळा धुवावा लागतो

खानावळीबाहेर थाळीचे दर लिहिलेला फळा असतो. समजा त्यावर रिकाम्या जागी नवीन ओळ केव्हाही लिहिता येते, पण एकच ओळ पुसायची सोय नाही. पुसायचं तर बादलीभर पाणी मारून अख्खा फळा धुवायचा, आणि दर धुण्याला फळ्याचा काळा रंग थोडा उडणार. आता फक्त अंडा थाळीचा दर बदलला. मालकाला काय करावं लागेल? बाकीच्या एकोणतीस ओळी दुसऱ्या धुतलेल्या फळ्यावर उतरवायच्या, तिसावी नवीन लिहायची, तो फळा बाहेर लावायचा आणि जुना धुवायला टाकायचा. काम एका ओळीचं, लिखाण तीस ओळींचं.

फ्लॅश अशीच चालते. ती लिहिते ४ ते १६ केबीच्या 'पानां'त, पण पुसते मात्र अख्खा 'ब्लॉक', जो काहीशे केबीपासून काही एमबीपर्यंत असतो. तुम्ही ४ केबी बदलले आणि त्यासाठी ४ एमबीचा ब्लॉक नव्याने लिहावा लागला, तर चिपवर लिखाण झालं मागणीच्या १,०२४ पट. ही सर्वांत वाईट अवस्था झाली. पण मागितलेल्यापेक्षा जास्त लिहिलं जाणं टळत नाही. त्याला राइट अँप्लिफिकेशन म्हणतात. इथून पुढे मी 'लेखनवाढ' म्हणेन. पेनड्राइव्ह झिजवण्यात तुमच्या फाइलींच्या आकारापेक्षा या लेखनवाढीचा वाटा कितीतरी मोठा आहे.

चिप तीच, कंट्रोलर वेगळा

कोणता फळा बाहेर लावायचा, कोणता धुवायचा, कोणत्याचा रंग जास्त उडालाय हे बघणारा पोऱ्या म्हणजे कंट्रोलर. प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये, कार्डात आणि एसएसडीत तो असतो. खरा फरक त्याच्या अकलेत आहे.

एसएसडीचा कंट्रोलर बारीकसारीक बदल साठवून ते एकत्र लिहितो. सगळे ब्लॉक सारखे झिजावेत म्हणून लिखाण फिरवत ठेवतो. वर्षानुवर्षं न हललेल्या फाइलीसुद्धा उचलून झिजलेल्या ब्लॉकवर नेतो, म्हणजे त्यांनी अडवलेला ताजा ब्लॉक कामाला मोकळा होतो. शिवाय त्याच्याकडे तुम्हाला न दिसणारे राखीव ब्लॉक असतात. 'ही फाइल डिलीट झाली, तिची पानं आता वाहून नेऊ नकोस' हे ऑपरेटिंग सिस्टिम त्याला ट्रिम या आज्ञेने कळवते.

पेनड्राइव्हचा कंट्रोलर घडवलेला असतो तो फोटो, सिनेमा, टॅलीचा बॅकअप अशा मोठ्या फाइली एका दमात उतरवण्यासाठी. त्यात स्वतःची मेमरी नगण्य असते. तो एका वेळी मोजकेच ब्लॉक उघडे ठेवू शकतो. चार ठिकाणी चार बारीक बदल आले की एक ब्लॉक बंद कर, दुसरा उघड, त्याची नक्कल कर, अशी त्याची धावपळ सुरू होते. माउस मिनिटभर थिजतो तो याच वेळी. म्हणजे पेनड्राइव्ह संथ होणं आणि पेनड्राइव्ह झिजणं ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. ट्रिम बहुतेक पेनड्राइव्हना कळतच नाही.

मेमरी कार्ड मधलं. कार्डावर ए१ किंवा ए२ अशी खूण असेल तर बारीक लिखाणाचा किमान वेग ठरलेला असतो: ए१ ला सेकंदाला १,५०० वाचनं आणि ५०० लिखाणं, ए२ ला ४,००० आणि २,०००. ही खूण वेगाची आहे, टिकाऊपणाची नाही. टिकाऊपणासाठी 'हाय एन्ड्युरन्स' म्हणून विकली जाणारी कार्डं वेगळी. ती सीसीटीव्ही आणि गाडीतल्या कॅमेऱ्यांसाठी असतात आणि त्यांची हमी रेकॉर्डिंगच्या तासांत दिलेली असते. स्वस्त लॅपटॉपात बोर्डावर सोल्डर केलेली ईएमएमसी चिप असते. तिचा कंट्रोलर कार्डापेक्षा बरा, पण ती खराब झाली तर बोर्डच उतरवावं लागतं.

"मी तर काहीच सेव्ह करत नाही!"

तुम्ही करत नाही, मशीन करतं. रिकाम्या डेस्कटॉपकडे नुसतं बघत बसलात तरी मागे लिखाण चालू असतं. सिस्टिम प्रत्येक घडामोडीची नोंद लॉगमध्ये करते. लिनक्सची एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम ठरावीकपणे दर ५ सेकंदांनी साचलेले बदल डिस्कवर उतरवते, आणि अर्धवट काम राहू नये म्हणून नोंदी आधी जर्नल नावाच्या वेगळ्या जागेतही लिहिते. फायरफॉक्स उघडे टॅब लक्षात राहावेत म्हणून दर १५ सेकंदांनी त्यांची यादी लिहितो. वर पानांतली चित्रं, व्हिडिओचे तुकडे कॅश नावाच्या तात्पुरत्या साठ्यात पडत असतातच. फोल्डर उघडला की छोट्या छबी तयार होतात. ४ जीबी रॅममध्ये सहा टॅब आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं की रॅम संपते आणि स्वॅप सुरू होतो, म्हणजे रॅममधलं सामान डिस्कवर टाकणं आणि परत आणणं. जुन्या मशिनवर सगळ्यात मोठा लेखक हा स्वॅपच.

हिशेब मांडून बघू. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, टीएलसी चिप, १,००० फेऱ्या. आदर्श स्थितीत त्यावर एकूण ३२ टीबी लिहिता यावं. बारीक लिखाणामुळे लेखनवाढ ५० पट धरली, तर तुमच्या वाट्याला उरतात ६४० जीबी. डेस्कटॉप रोज ५ जीबी लिहीत असेल तर १२८ दिवस. चार महिने आणि वर थोडे. आकडे गृहीत धरलेले आहेत, खरा पेनड्राइव्ह थोडा मागेपुढे होईल. पण 'वर्षभरसुद्धा चालला नाही' ही तक्रार कुठून येते ते यावरून दिसतं.

हे फक्त स्वस्त मालातच होतं असंही नाही. टेस्लाच्या २०१८ पर्यंतच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या स्क्रीनमागच्या संगणकात ८ जीबीची ईएमएमसी होती. चिपची क्षमता प्रत्येक ब्लॉकला ३,००० फेऱ्यांची, आणि रोजचा वापर ब्लॉकमागे सरासरी १.४ फेऱ्यांचा. भागाकार केला तर सहा वर्षांच्या आत खेळ संपतो. तसंच झालं. स्क्रीन गेली की मागचा कॅमेरा दिसेना, काचेवरचं दव काढायची बटणं चालेनात. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने चौकशी लावली आणि २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लाखोंची गाडी, आणि अडली नखाएवढ्या चिपपाशी.

"म्हणजे एसएसडीही अशीच जाणार?"

जाईल, पण तिची वाट बघत बसू नका. एसएसडीच्या माहितीपत्रकावर टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो: एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी हमी देते. किंग्स्टनच्या ए४०० या साध्या एसएसडीच्या २४० जीबी मॉडेलला तो ८० टीबी आहे. ऑफिसचं मशीन रोज २० जीबी लिहितं असं सढळ हाताने धरलं तरी ४,००० दिवस होतात, जवळजवळ ११ वर्षं. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबी मॉडेलला ३०० टीबी. त्याच वापराने ४१ वर्षं. तोवर मशिनचा पॉवर सप्लाय, मदरबोर्ड आणि बहुधा मालकाचा उत्साहही संपलेला असेल.

टीबीडब्ल्यूचा आकडा ही मरणतारीख नसते, ती हमीची मर्यादा असते. २०१३ ते २०१५ या काळात 'द टेक रिपोर्ट'ने २४० ते २५६ जीबीच्या सहा एसएसडींवर अखंड लिहीत राहण्याचा प्रयोग केला. पहिली पडली तेव्हा ७०० टीबीपेक्षा जास्त लिखाण झालं होतं. शेवटची २ पेटाबाइटच्याही, म्हणजे २,००० टीबीच्याही, पुढे गेली. त्या बहुतांश दोन बिटांच्या होत्या, आजच्या क्यूएलसीकडून तेवढी अपेक्षा करू नये. तरी हमी आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर असतं ते दिसतं.

म्हणून माझं सरळ मत: जुन्या मशिनवर लिनक्स रोज चालवायचं असेल तर पेनड्राइव्ह विसरा आणि छोटी साटा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कसारख्याच केबलला लागणारी) बसवा. जुन्या डेस्कटॉपला साटाची एक जागा आणि पॉवरची एक पिन बहुधा मोकळी असते. बसवताना बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड 'एएचसीआय' आहे ना बघा, 'आयडीई' असेल तर ट्रिम नीट पोचेलच असं नाही. जुनं विंडोज आयडीईवर टाकलेलं असेल आणि नुसता मोड बदलला तर ते बूटच होणार नाही, त्यामुळे हा बदल नवीन सिस्टिम टाकण्याच्या आधी करायचा. मशीन उघडायचंच नसेल तर एसएसडी यूएसबी ३ च्या डबीत घालून बाहेरूनही बूट करता येते. अशा वेळी मागचं पोर्ट वापरा. पुढच्या पोर्टपर्यंत येणाऱ्या बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि एसएसडी मधेच गायब होते.

"आमचं कार्ड तर दोन महिन्यांत गेलं. तेही झिजलंच का?"

बहुधा नाही. दोन महिन्यांत गेलेल्या मालामागे झिजेपेक्षा दुसरीच दोन कारणं जास्त आढळतात.

पहिलं, लाइट. ब्लॉक लिहिला जात असताना वीज तुटली तर ते पान अर्धवट राहतंच, पण 'कोणती फाइल कोणत्या ब्लॉकमध्ये' हा कंट्रोलरचा नकाशाही बिघडू शकतो. नकाशा गेला की चिप धडधाकट असून आतलं काही सापडत नाही. मोठ्या सर्व्हरच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात, जे वीज गेल्यावरही क्षणभर तगवून काम पुरं करू देतात. घरगुती एसएसडीत ते सहसा नसतात, पेनड्राइव्हमध्ये तर नाहीतच. वळवाच्या पावसात एका संध्याकाळी पाच वेळा लाइट झपकते, उद्यमनगर-शिरोलीकडे शेजारी मोठी मोटर किंवा वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज डुलतं. अशा ठिकाणी छोटा यूपीएस हा फ्लॅशचं आयुष्य वाढवणारा सगळ्यात चांगला भाग आहे, आणि तो संगणकाच्या कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही.

दुसरं, बनावट माल. आतली चिप ३२ जीबीची, कंट्रोलर सांगतो २ टीबी. ३२ जीबी भरेपर्यंत सगळं छान, मग नवीन फाइली जुन्यांवर चढतात किंवा हवेत विरतात. सिस्टिम टाकण्याआधी नवीन पेनड्राइव्ह किंवा कार्ड एकदा तपासावं. लिनक्सवर 'एफ-थ्री' आणि विंडोजवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' हे मोफत प्रोग्रॅम आहेत. ते पूर्ण जागा ओळखीच्या डेटाने भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. मोठ्या कार्डाला तास-दोन तास लागतात. लागू द्यावेत.

खऱ्या झिजेची लक्षणं वेगळी. लिहिण्याचा वेग आठवड्या-आठवड्याने घसरतो. जुन्या फाइली वाचताना अडखळायला होतं. सिस्टिमच्या लॉगमध्ये 'आय-ओ एरर' दिसू लागतात. शेवटी माल स्वतःला रीड-ओन्ली करून घेतो. ही त्याची शहाणी माघार आहे. फॉरमॅट मारून किंवा 'राइट प्रोटेक्शन काढा'छाप व्हिडिओ बघून ती उलटवण्यात अर्थ नाही, राखीव ब्लॉक संपलेत.

मीटर कुठे बघायचं?

एसएसडी आपल्या झिजेची नोंद स्वतः ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. वर डाव्या कोपऱ्यात तब्येतीचे टक्के आणि उजवीकडे 'टोटल होस्ट राइट्स' दिसतात. हा आकडा टीबीडब्ल्यूच्या शेजारी ठेवला की किती वापर झाला ते कळतं. महिन्याभराच्या अंतराने दोनदा बघितलं की रोजचा वापर निघतो.

लिनक्सवर 'स्मार्टमॉनटूल्स' हे पॅकेज टाकून 'स्मार्टसीटीएल' चालवायचं. एनव्हीएमई (नव्या मशिनमधली, थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी असेल तर 'पर्सेंटेज यूज्ड' थेट झीज सांगतं. १०० झालं म्हणजे हमीची लेखनमर्यादा संपली, एसएसडी त्याच दिवशी बंद पडत नाही. 'अव्हेलेबल स्पेअर' १०० वरून उतरायला लागलं तर राखीव ब्लॉक खर्च होताहेत. 'डेटा युनिट्स रिटन'मधलं एक युनिट ५,१२,००० बाइटचं असतं, म्हणजे १ कोटी युनिट झाले की ५.१२ टीबी. साटा एसएसडीत हे आकडे कंपनीगणिक वेगळे. २४१ क्रमांकाची नोंद बहुधा एकूण लिखाणाची असते, पण कुणी ती ५१२ बाइटच्या हिशेबात देतं तर कुणी जीबीत, त्यामुळे उत्तर विचित्र आलं तर आधी युनिट तपासा. ५ क्रमांक म्हणजे बाद करून बदललेले ब्लॉक. तो एकदा वाढून थांबला तर ठीक, दर आठवड्याला वाढत असेल तर खरेदीची तयारी करा.

ईएमएमसीत झिजेची पायरी १ ते ११ अशी मिळते, एक पायरी साधारण दहा टक्क्यांची, आणि ११ म्हणजे मर्यादा ओलांडली. पेनड्राइव्ह आणि साध्या कार्डांना मीटरच नसतं. तिथे अंदाज आणि बॅकअप, एवढंच हातात.

तरीही पेनड्राइव्हवरच चालवायचं असेल तर

कधी नाइलाज असतो. मशीन ऑफिसचं असतं, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला कार्डच लावायचं असतं. मग लिखाण कमी करणं हाच मार्ग. आधी कोण लिहितंय ते बघा. लिनक्सवर 'आयओटॉप' एकूण बेरजेच्या पर्यायासह तासभर चालू ठेवा, विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमधला डिस्क टॅब. बहुतेक वेळा दोन-तीनच गुन्हेगार सापडतात. २०१६ मध्ये स्पॉटिफायच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममधल्या एका चुकीमुळे तो मागच्या मागे शेकडो जीबी लिहीत असल्याचं लोकांना असंच आढळलं होतं, नंतर ती दुरुस्त झाली.

पहिला घाव स्वॅपवर. पेनड्राइव्हवर स्वॅप ठेवूच नका. त्याऐवजी झेडरॅम चालू करा. त्यात रॅमचाच एक भाग दाबून-दडपून स्वॅप म्हणून वापरला जातो आणि डिस्कवर काही जात नाही. रॅम ८ जीबी करता आली तर त्याहून उत्तम. मग ब्राउझर: फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिग पानावर डिस्क कॅश बंद करा आणि सेशन लिहिण्याचं अंतर १५,००० मिलिसेकंदांवरून ३,००,००० करा, म्हणजे १५ सेकंदांऐवजी ५ मिनिटं. तात्पुरत्या फाइलींचा टेंप फोल्डर रॅममध्ये टाका. लॉग रॅममध्ये ठेवायचे तर ते लिहिणाऱ्या जर्नलडीच्या सेटिंगमध्ये स्टोरेज 'व्होलाटाइल' करा. मशीन अडकलं तर मागचे लॉग मिळणार नाहीत, ही त्याची किंमत. डिस्क कशा जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत 'नोएटाइम' लिहिलं की नुसती फाइल वाचल्याची वेळ नोंदवणं थांबतं. तिथेच 'कमिट' ५ वरून ६० केलं की बदल मिनिटभर साठून एकदम उतरतात. मात्र लाइट गेली तर ते मिनिट गेलं. यूपीएस नसेल तर हे करू नका.

याहून चांगली युक्ती म्हणजे सिस्टिमच केवळ-वाचनाची ठेवणं. पपी लिनक्स रॅममध्ये चढून चालतं आणि काय, केव्हा सेव्ह करायचं ते तुमच्या हातात ठेवतं. रास्पबेरी पायच्या 'रास्पी-कॉन्फिग'मध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टिम' चालू केलं की सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि बंद केल्यावर पुसले जातात. वजनकाट्याचा डिस्प्ले किंवा दुकानातला दरफलक अशा ठरीव कामाला हे अगदी योग्य. कार्ड वर्षानुवर्षं टिकतं आणि लाइट गेली तरी करप्ट होत नाही. हिशेबाच्या मशिनला मात्र अजिबात लावू नका, दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी गायब होतील.

विंडोज पेनड्राइव्हवर चालवण्याच्या नादाला लागूच नये. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'विंडोज टू गो' होतं, तेही प्रमाणित, महागड्या ड्राइव्हपुरतं, आणि २०२० मध्ये विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ते काढून टाकलं.

एसएसडीवर हेच सगळं करावं का?

नाही. स्वॅप बंद करून एसएसडीची वर्षं वाचवणं म्हणजे मशीन अडकवून कागदावरचा आकडा जपणं. स्वॅप राहू द्या, हायबरनेट राहू द्या, अपडेट नक्की घ्या. दोनच गोष्टी बघा. ट्रिम चालू आहे ना: विंडोज 'ऑप्टिमाइझ'मधून ते आपोआप करतं, उबंटू-मिंटमध्ये 'एफएसट्रिम' दर आठवड्याला चालतं. बाहेरचा डीफ्रॅगचा प्रोग्रॅम मात्र एसएसडीवर चालवू नका, फाइली इकडून तिकडे हलवून तो नुसतं लिखाण वाढवतो. दुसरं, १०-१५ टक्के जागा मोकळी ठेवा. ९८ टक्के भरलेल्या एसएसडीत पोऱ्याकडे, म्हणजे कंट्रोलरकडे, फिरवायला धुतलेला फळाच उरत नाही, मग लेखनवाढ आणि संथपणा दोन्ही वाढतात.

आणि बॅकअप म्हणून एसएसडी किंवा पेनड्राइव्ह कपाटात टाकून विसरू नका. घरगुती एसएसडीचं प्रमाण असं आहे: लेखनमर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. कमी वापरलेली जास्त टिकते, पत्र्याखाली तापणाऱ्या कपाटातली कमी. मोठ्या बॅकअपला जुनी हार्डडिस्क अजूनही बरी, वर्षातून दोन-चार वेळा जोडून, वाचून बघायची.

रीड-ओन्ली झालंच, तर पहिल्यांदा काय?

बंद-चालू करू नका. मघाशी सांगितलेल्या प्रयोगात इंटेलची एक एसएसडी मर्यादा संपल्यावर रीड-ओन्ली झाली होती, आणि रीस्टार्ट केल्यावर दिसेनाशीच झाली. तेव्हा मशीन चालू असतानाच दुसरी डिस्क जोडा आणि आधी जे परत मिळणार नाही ते उतरवा: टॅलीचा डेटा फोल्डर, फोटो, जीएसटीच्या फाइली. सिनेमे नंतर. कॉपी एखाद्या फाइलीपाशी अडकली तर ती सोडून पुढे जा. सगळं निघाल्यावर मगच बटण दाबा.